ग्राहक आपला, ओळख दुसऱ्याकडची

१८ मे २०१७ रोजी झोमॅटोने आपल्या ग्राहकांना एक अप्रिय बातमी कळवली. कंपनीच्या साठ्यातून सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपात साठवलेले पासवर्ड असा हा ऐवज इंटरनेटच्या काळ्या बाजारात विक्रीला आला होता. त्याच निवेदनात थोडा दिलासाही होता. झोमॅटोचे ६० टक्के ग्राहक गूगल किंवा फेसबुकच्या खात्यातून लॉगिन करत असत. त्यांचे पासवर्ड कंपनीकडे कधी आलेच नव्हते, त्यामुळे ते चोराच्या हाती लागण्याचा प्रश्नच नव्हता.

चोर आत शिरला कसा, हे कंपनीने नंतर सांगितले. २०१५ च्या अखेरीस ‘००० वेबहोस्ट’ या फुकट जागा देणाऱ्या सेवेतून पासवर्डांचा मोठा साठा बाहेर फुटला होता. त्यात झोमॅटोच्या एका डेव्हलपरचाही पासवर्ड होता आणि तोच पासवर्ड त्याने प्रोग्राम साठवण्याच्या गिटहब या ठिकाणीही ठेवला होता. त्या धाग्यावरून चोर कंपनीच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचला, तिथे त्याला एक फट सापडली आणि पुढे ग्राहकांच्या नोंदी हाती आल्या. म्हणजे चोरी झाली ती दोन ठिकाणी वापरलेल्या एका पासवर्डमुळे, आणि वाचले ते ग्राहक ज्यांनी झोमॅटोला पासवर्ड दिलाच नव्हता.

ग्राहकाची ओळख पटवण्याचे काम दुसऱ्या कंपनीवर सोपवावे की नाही, हा प्रश्न आज छोट्या ऑनलाइन दुकानापासून मोठ्या बँकेपर्यंत सगळ्यांपुढे आहे. बहुतेकांनी त्याचे उत्तर ‘हो’ असे दिले आहे. त्या होकाराची किंमत मात्र पुष्कळदा उशिरा कळते.

ही व्यवस्था चालते ती रहिवासी दाखल्यासारखी. शाळेत प्रवेश घेताना ग्रामपंचायतीचा दाखला दिला की शाळा गावात येऊन घर पाहत नाही, सही-शिक्क्यावर विश्वास ठेवते. ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण दाबल्यावर ग्राहक क्षणभर गूगलच्या पानावर जातो, पासवर्ड तिथेच देतो. मग गूगल दुकानाला डिजिटल सही केलेला दाखला पाठवते: हा आमचा अमुक खातेदार, हे त्याचे नाव, हा त्याचा ईमेल. दाखला त्याच दुकानापुरता असतो आणि त्याची मुदतही थोडीच असते. यामागे दोन तांत्रिक नियमावल्या आहेत. एका सेवेतली माहिती दुसरीला मर्यादित परवानगीने पाहू देणारी ‘ओऑथ २.०’ ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यावर ओळखीचा थर चढवणारी ‘ओपनआयडी कनेक्ट’ फेब्रुवारी २०१४ मध्ये पक्की झाली.

दुकानाला यातून काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे पासवर्ड सांभाळण्याच्या जोखमीतून सुटका. हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे आणि त्यात भल्याभल्यांची फजिती झाली आहे. सोशल मीडियावरचे खेळ बनवणाऱ्या रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून डिसेंबर २००९ मध्ये ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, आणि ते सगळे जसेच्या तसे, कुणीही वाचावेत असे साठवलेले होते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड फुटले. ते सांकेतिक रूपात होते, पण त्या काळीही अपुऱ्या समजल्या जाणाऱ्या पद्धतीने. दुसरा लाभ म्हणजे नव्या ग्राहकाला अर्ज भरायला लावावा लागत नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर नाव, पत्ता, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड अशी रांग दिसली की अनेक जण खरेदी अर्धवट टाकून निघून जातात.

एवढे सगळे असूनही या कल्पनेची पहिली मोठी खेप व्यवसायांनी परत पाठवली होती.

मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस हॉटमेल ही ईमेल सेवा विकत घेतली आणि १९९९ मध्ये ‘पासपोर्ट’ ही सेवा आणली. एकच खाते, एकच पासवर्ड आणि त्यावर इंटरनेटभर प्रवेश, असा तिचा बेत होता. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे नूतनीकरण करायला विसरली. हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आत जाता येईना. शेवटी लिनक्सवर काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते नाव चालू केले. दारावरचा एक पहारा ढिला पडला की आतली सगळी घरे अडकतात, याचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक होते.

पुढे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे उरले नाही. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, पासपोर्टच्या सुरक्षिततेबद्दल आणि खासगीपणाबद्दल मायक्रोसॉफ्टने केलेले दावे खरे नव्हते, असा ठपका ठेवला. तडजोडीत कंपनीने वर्षानुवर्षे त्रयस्थांकडून तपासणी करून घेण्याचे मान्य केले. २००३ मध्ये एका पाकिस्तानी संशोधकाने दाखवून दिले की पासवर्ड बदलण्याच्या सोयीतल्या चुकीमुळे दुसऱ्याचे खाते बळकावता येते. सन मायक्रोसिस्टिम्सने तर २००१ मध्येच इतर कंपन्यांना सोबत घेऊन ‘लिबर्टी अलायन्स’ ही प्रतिस्पर्धी आघाडी उभारली होती. २००४ च्या शेवटी ई-बे या ऑनलाइन बाजारपेठेने पासपोर्ट सोडल्याचे जाहीर केले आणि बाहेरच्या दुकानांनी ही सेवा घ्यावी म्हणून चाललेले प्रयत्न मायक्रोसॉफ्टनेही थांबवले.

हे अपयश का आले, याचे नेमके विवेचन मायक्रोसॉफ्टच्याच माणसाने केले. कंपनीचे ओळखव्यवस्थेचे प्रमुख रचनाकार किम कॅमरन यांनी २००५ मध्ये डिजिटल ओळखीचे सात नियम मांडले. त्यातला एक असा, की ओळख पटवण्याच्या व्यवहारात जो कुणी मध्ये असेल, त्याचे तिथे असणे दोन्ही बाजूंना पटले पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सेवांसाठी लोकांना पासपोर्ट चालत होता. ई-बेचा गिऱ्हाईक आणि ई-बे यांच्या मध्ये मायक्रोसॉफ्टने काय म्हणून उभे राहायचे, हे मात्र दुकानालाही पटत नव्हते आणि गिऱ्हाइकालाही.

मग चारच वर्षांत असे काय बदलले? डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘फेसबुक कनेक्ट’ने दुकानांना पासवर्डपेक्षा मोठे आमिष दाखवले. खऱ्या नावाचा माणूस, त्याचा फोटो, त्याची मित्रमंडळी आणि त्याने काय वाचले, काय ऐकले हे त्या मित्रांपर्यंत आपोआप पोहोचण्याची सोय, असा तो ऐवज होता. म्हणजे लॉगिनच्या बटणातून फुकट जाहिरात मिळत होती. स्पॉटिफायने सप्टेंबर २०११ मध्ये नव्या ग्राहकांना फेसबुक खाते सक्तीचे केले आणि पुढल्या वर्षी ती सक्ती मागे घेतली. डेटिंगचे ॲप टिंडर तर २०१२ मध्ये जन्मालाच फेसबुक लॉगिनवर आले.

सगळ्यांनाच त्यातून फायदा झाला असे नाही. घाऊक ईमेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या मेलचिंपने २०१२ मध्ये आपल्या लॉगिन पानावर फेसबुक आणि ट्विटरची बटणे लावून पाहिली. लॉगिन फसण्याचे प्रमाण पहिल्या महिन्यात ६६ टक्क्यांनी खाली आले. ती बटणांची करामत वाटली. हिशेब मांडल्यावर दिसले की बटणे वापरणारे फक्त ३.४ टक्के होते. खरा फरक पडला होता तो चुकीच्या लॉगिननंतर दिसणारे संदेश स्पष्ट केल्यामुळे. नाव चुकले की पासवर्ड, हे आता ग्राहकाला कळत होते. कंपनीने बटणे काढून टाकली. आपल्या दारावर दुसऱ्यांची नावे कशाला मिरवायची, हाही त्यामागचा एक विचार होता.

ग्राहकाच्या बाजूने या सौद्याचा हिशेब मार्च २०१८ मध्ये जगापुढे आला. एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमध्ये सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी फेसबुकमार्फत प्रवेश केला होता. त्या काळच्या नियमांनुसार ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळत गेली आणि ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे पोहोचली. फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोक या जाळ्यात आले. गदारोळ उठल्यावर फेसबुकने ४ एप्रिल २०१८ रोजी बाहेरच्या ॲपना मिळणारी माहिती एकदम आखडली, आणि त्याच दिवशी टिंडरचे ग्राहक लॉगिनच्या पानावर गोल गोल फिरत राहिले. टिंडरने काही बदलले नव्हते. ज्याच्या दाखल्यावर दुकान चालले होते, त्याने दाखल्याचा नमुना बदलला होता.

असे अडकणे एरवीही घडते. १४ डिसेंबर २०२० रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास जीमेल, यूट्यूब आणि गूगलच्या इतर सेवा जगभर बंद पडल्या. गूगलची खातेदार ओळखणारी यंत्रणाच अडली होती. साठवणुकीचा कोटा ठरवणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेने चुकीच्या आकड्यावरून तिची जागा कमी करून टाकली होती. सुमारे पाऊण तास हा गोंधळ चालला. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक सहाएक तास इंटरनेटवरून नाहीसे झाले, तेव्हा फेसबुकच्या बटणावर विसंबलेल्या बाहेरच्या ॲपचे दरवाजेही बंद झाले.

तांत्रिक बिघाड निदान दुरुस्त होतो. दोन कंपन्यांचे भांडण मात्र तासांत मिटत नाही. ॲपलने २०१९ मध्ये स्वतःचे लॉगिन आणले. खरा ईमेल लपवून दुकानाला एक पर्यायी पत्ता देण्याची सोय त्यात होती आणि इतरांचे लॉगिन ठेवणाऱ्या बहुतेक आयफोन ॲपना हेही बटण ठेवणे भाग होते. पुढल्याच वर्षी ॲपल आणि ‘फोर्टनाइट’ खेळाची कंपनी एपिक गेम्स यांची कोर्टात जुंपली. सप्टेंबर २०२० मध्ये एपिकने खेळाडूंना कळवले की ॲपलचे लॉगिन ११ तारखेपासून बंद होऊ शकते, तेव्हा आपला ईमेल आणि पासवर्ड ताबडतोब जोडून घ्या. नंतर मुदत मिळाली आणि लॉगिन चालू राहिले. पण ज्या ग्राहकाचा खरा पत्ताच आपल्याकडे नाही, त्याला दुसऱ्याच्या दारातून आपल्या दारात आणायचे कसे, हा पेच या निमित्ताने सगळ्या उद्योगाला दिसला.

ग्राहकांसाठीची ही बटणे ही या धंद्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू पुण्यात हिंजवडीला किंवा नवी मुंबईत ऐरोलीला नोकरी करणाऱ्यांच्या रोजच्या परिचयाची आहे. सकाळी लॅपटॉप उघडला की एकदा लॉगिन, फोनवर एक होकार, आणि मग ईमेल, रजेचा अर्ज, पगाराची पावती, प्रकल्पाची कागदपत्रे असे सगळे खुले. याला ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. कंपनीचा खरा लाभ नोकरी सोडण्याच्या दिवशी दिसतो. माणूस गेला की एका ठिकाणी त्याचे खाते बंद करायचे. वीस ठिकाणी शोधत फिरावे लागत नाही. ही सेवा विकणाऱ्यांत मायक्रोसॉफ्टच्या बरोबरीने नाव घेतले जाते ते ऑक्टाचे. सेल्सफोर्समधून बाहेर पडलेल्या दोघांनी २००९ मध्ये ती सुरू केली, आणि २०२१ मध्ये तिने याच व्यवसायातली ऑथझीरो ही कंपनी सुमारे साडेसहा अब्ज डॉलरना घेतली.

हजारो कंपन्यांचे दाखले जिथे तयार होतात, तिथे चोरांचीही नजर असणारच. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑक्टाच्या ग्राहक मदत विभागाच्या यंत्रणेत कुणीतरी शिरले. अडचण समजावी म्हणून ग्राहक कंपन्यांनी पाठवलेल्या फाइल तिथे होत्या आणि त्यांतल्या काहींत चालू लॉगिनच्या खुणा तशाच होत्या. १३४ ग्राहक कंपन्यांच्या फाइल पाहिल्या गेल्या. वनपासवर्ड आणि क्लाउडफ्लेअरसारख्या काही कंपन्यांना आपल्याकडची संशयास्पद हालचाल स्वतःच लक्षात आली. चोराला वाट सापडली ती अशी: ऑक्टाच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर आपले खासगी गूगल खाते उघडले होते आणि कामाच्या एका खात्याचा पासवर्ड त्या खासगी खात्यात साठला होता. लॉगिन विकणारी कंपनीही शेवटी एका माणसाच्या सवयीपाशी अडली.

त्याच सप्टेंबरमध्ये लास व्हेगासच्या एमजीएम या हॉटेल आणि कॅसिनो कंपनीत हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याची बतावणी करून मदत कक्षाला फोन केला. तेवढ्यावर त्यांना आत पाय ठेवायला जागा मिळाली. जुगाराची यंत्रे आणि खोल्यांच्या डिजिटल किल्ल्या बंद पडल्या. नुकसान सुमारे १० कोटी डॉलर असल्याचे कंपनीने सांगितले. पासवर्ड हरवलेल्या माणसाला पुन्हा आत घेण्याची पद्धत ढिली असेल, तर लॉगिन कुणाचेही असले तरी फारसा फरक पडत नाही.

भारतात या कथेने वेगळे वळण घेतले. इथे ईमेलपेक्षा मोबाइल नंबर आधी आला, त्यामुळे लॉगिन म्हणजे नंबर आणि ओटीपी असेच समीकरण झाले. त्यात परकेपणा नसल्यासारखे वाटते, पण असतो. ओटीपी पोहोचवते मोबाइल कंपनी, आणि दर संदेशाचे पैसे दुकानाला मोजावे लागतात. ८ मार्च २०२१ रोजी व्यापारी संदेशांच्या छाननीचे नवे नियम लागू झाले. ज्या कंपन्यांनी संदेशांचे नमुने नोंदवले नव्हते त्यांचे ओटीपी अडकले. बँकांपासून खरेदीच्या ॲपपर्यंत सगळीकडे व्यवहार खोळंबले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने छाननीला सात दिवसांची स्थगिती दिली. ओटीपीचा खर्च आणि विलंब टाळण्यासाठी अनेक भारतीय ॲपनी ट्रूकॉलरचे एका दाबात नंबर पटवणारे बटण घेतले. ती कंपनी स्वीडनची, पण तिची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत.

सरकारनेच ओळख पटवून देण्याचा प्रयोगही याच देशात झाला आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. सहा वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओने बोटाचा ठसा घेऊन काही मिनिटांत सिम चालू करून द्यायला सुरुवात केली. कागदपत्रांच्या झेरॉक्स गेल्या आणि १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले. दुसऱ्याच्या ओळखव्यवस्थेवर एखाद्या खासगी व्यवसायाने इतकी झपाट्याने घेतलेली झेप क्वचितच दिसेल. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द केला, आणि मोबाइल व वित्त कंपन्यांना एका निकालासरशी नवी पद्धत शोधावी लागली. पुढल्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बँका आणि मोबाइल कंपन्यांसाठी ही वाट पुन्हा उघडली, पण ग्राहकाच्या खुशीने. फेसबुक नियम बदलते तसे सरकार आणि न्यायालयही बदलते. धंदा मध्ये असतो.

मग घरगुती मसाल्यांचे किंवा पैठणीचे दुकान ऑनलाइन थाटणाऱ्याने करावे काय? स्वतः पासवर्ड साठवण्याच्या फंदात न पडणे बहुतेक छोट्या व्यवसायांना श्रेयस्कर आहे, हे झोमॅटोच्या उदाहरणातून दिसते. त्यासोबत दुसरी वाट पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते: बटणाखेरीज ईमेल किंवा मोबाइल नंबरवरही खाते उघडता आले पाहिजे, आणि बटणातून आलेल्या ग्राहकाशीही थेट संपर्काचे एक साधन दुकानाच्या स्वतःच्या वहीत असले पाहिजे. माहितीही गरजेपुरतीच मागायची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती जपण्याची जबाबदारी या कायद्याने ती गोळा करून वापरणाऱ्यावर टाकली आहे. काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतले म्हणून ती सुटत नाही.

एक बारीक गोष्ट प्रोग्रामरवर सोडून चालत नाही. गूगलच्या दाखल्यात प्रत्येक खातेदाराचा न बदलणारा क्रमांक असतो, तरी अनेक सेवा माणूस ओळखतात ईमेल पत्त्यावरून. जानेवारी २०२५ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या संस्थेने त्यातला धोका दाखवला. बंद पडलेल्या एखाद्या स्टार्टअपचे डोमेन थोडक्या पैशांत विकत घ्यायचे, जुन्या कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते पुन्हा तयार करायचे आणि गूगलच्या बटणाने त्यांच्या जुन्या खात्यांत शिरायचे. कार्यालयीन गप्पांपासून मनुष्यबळ विभागाच्या नोंदींपर्यंत बरेच काही अशा रीतीने उघडता आले. दुकान बंद करताना बाहेरच्या सेवांतली खातीही बंद करायची असतात, हे अजून फार थोड्यांच्या ध्यानी येते.

आता पासवर्डच नको, असे म्हणणारी ‘पासकी’ आली आहे. ५ मे २०२२ रोजी ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. फोनमध्ये एक गुप्त किल्ली राहते, दुकानाकडे तिची फक्त जाहीर जोडकिल्ली असते; ती चोरीला गेली तरी चोराला उपयोग नाही. बोट लावले की लॉगिन, आणि मध्ये दाखला देणारा कुणी लागत नाही. पण फोन हरवला तर ही किल्ली परत मिळते ती बहुधा ॲपल किंवा गूगलच्या खात्यातल्या प्रतीतून. म्हणजे तीच नावे मागच्या दाराने पुन्हा येतात. एका कंपनीकडच्या पासकी दुसरीकडे सुखरूप हलवता याव्यात म्हणून लॉगिनची प्रमाणके ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यावर काम चालू आहे. गिटहब आणि ॲमेझॉन यांनी २०२३ मध्येच ग्राहकांना पासकीची सोय दिली. जुना पासवर्ड मात्र त्यांनी त्या वेळी बंद केला नाही.